बाईसाहेबांची सूर्यफुलं

गेल्या आठवड्यात मोबाइलवर एक मेसेज आला. असले मेसेज मी वाचत नाही, पण यात सूर्यफुलाचं चित्र होतं म्हणून बोट थांबलं. 'कोल्हापूरच्या आक्कांचा घरगुती फॉर्म्युला! परड्यात सूर्यफूल लावा, म्हशीला चारा, दुधावर बोटभर साय धरा. पशुखाद्य क्षेत्रातल्या नामवंत तज्ज्ञानेही मान्य केलेले सत्य. जास्तीत जास्त शेअर करा.'

तो नामवंत तज्ज्ञ म्हणजे मी. आणि ते सत्य खोटं आहे.

मी स्वतःहून बोलणाऱ्यातला नाही. पोत्यातलं पशुखाद्य विकणाऱ्या एका कंपनीत विक्रीला आहे, आणि न बोलणारा माणूस विक्रीत कसा टिकला, हे माझ्या बायकोलाही कोडं आहे. शाहूपुरीतले दुकानदार म्हणतात, "तुमचं बरं हाय, बसता, चहा पिता, जाता. डोकं खात न्हाईसा." पण मेसेज तिसऱ्या माणसाकडून तिसऱ्यांदा आला, तेव्हा वाटलं, आता गप्प बसणं म्हणजे त्या मेसेजखाली सही करणं. म्हणून आक्काबद्दल एकदा सगळं सांगून टाकतो.

आक्का माझी घरमालकीण. बदली होऊन कोल्हापुरात आलो तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. बायको बार्शीकडे शाळेत नोकरीला, मुलगी तिच्याजवळ, आणि मी खोली शोधत हिंडत होतो. आक्काचं घर शहराच्या कडेच्या एका कॉलनीत होतं. खरं तर तिथं आधी आक्काचं घर आणि गोठा होता, कॉलनी मागाहून तिच्याभोवती उगवली. चारी बाजूंनी चार-चार मजली अपार्टमेंट आणि मधोमध शेणाचा वास.

"काय करतोस?" पहिल्या भेटीत तिनं विचारलं. ती तेव्हा साठीची असेल. नऊवारीचा काष्टा, कपाळावर गोंदण, हातात विळा.

"पशुखाद्याच्या कंपनीत आहे."

"म्हंजे पोतं."

"हो, पोत्यातूनच येतं ते."

"तसं न्हवं. तुझं नाव. पोतं." आणि वळून गोठ्याकडे ओरडली, "बाईसाहेब, पोतं आलंय बगा ऱ्हायाला!"

बाईसाहेब म्हणजे तिची म्हैस. पंढरपुरी जातीची, तलवारीसारखी पाठीमागं गेलेली लांब शिंगं, आणि समोरचा माणूस आपल्या लायकीचा आहे की नाही हे ठरवत असल्यासारखी नजर. म्हशीला बाईसाहेब आणि मला पोतं. त्या घरातला प्रत्येकाचा दर्जा पहिल्याच मिनिटात ठरला, आणि तो पुढे कधी बदलला नाही.

माझी खोली म्हणजे पूर्वीची वैरणीची खोली, चुना मारून भाड्यानं दिलेली. तिला एकच खिडकी, आणि ती गोठ्यात उघडायची. सकाळी डोळे उघडले की गजांच्या पलीकडून बाईसाहेब रवंथ करत माझ्याकडे बघत असायच्या. ही खिडकी लक्षात ठेवा. माझं सगळं पाप त्या खिडकीतून गेलेलं आहे.

घरामागं परडं होतं. लोक परड्यात कढीपत्ता लावतात, अळू लावतात, हौस असली तर चार गुलाब. आक्काच्या परड्यात फक्त सूर्यफूल. वाफ्यांत सूर्यफूल, कंपाउंडच्या कडेनं सूर्यफूल, रंगाच्या रिकाम्या डब्यांत सूर्यफूल, आणि समोरच्या अपार्टमेंटमध्ये कुणीतरी न्हाणीघर नवीन करताना फेकून दिलेल्या कमोडमध्येही सूर्यफूल. त्या कमोडमधलं फूल सगळ्यांत मोठं, परातीएवढं यायचं. "जागेचा गुण हाय," आक्का म्हणायची.

हे सगळं बाईसाहेबांच्या आंबवणासाठी. धार काढताना म्हशीपुढं जी पाटी ठेवतात, त्या पाटीत लोक सरकी घालतात, पेंड घालतात, नाहीतर आमच्या कंपनीचं पोतं ओततात. आक्का ह्यातलं काही घरात येऊ द्यायची नाही. फुलांच्या पाठी पिवळ्या पडल्या की ती मुंडकी कापायची, गच्चीवर वाळवायची, आणि काठीनं असं झोडपायची की अपार्टमेंटमधली पोरं खिडकीत येऊन बसायची. बिया उखळात कांडायच्या, त्यात तुरीची चुणी, गव्हाचा भुसा आणि सुपारीएवढा गूळ. झोडपलेली मुंडकीसुद्धा विळ्यानं बारीक करून त्यातच. गिरणीवाल्यानं एकदा बिया दळून दिल्या होत्या. जात्याला तेल चिकटलं आणि पुढे आठवडाभर सगळ्या कॉलनीच्या भाकरीला सूर्यफुलाचा वास आला. त्यानंतर उखळच.

"सूर्यफूल दिवसभर काय करतंय?" ती मला विचारायची. उत्तराची वाट बघायची नाही. "ऊन पितंय. ते ऊन बियांत, बी म्हशीत, म्हस दुधात. तुझ्या पोत्यात काय हाय? अंधार!"

ह्या सिद्धान्ताला एका जनावरांच्या डॉक्टरांनी हरकत घेतली होती. बिया चांगल्या, पण नुसत्या बियांनी भागत नाही, असं काहीतरी ते सांगत होते. आक्कानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, तुमी म्हशीला इचारलासा काय?"

"म्हशीला कसं विचारणार?"

"मग मी इचारलोय. तिला पटलंय."

आक्का स्वतःबद्दल असंच बोलायची, 'मी जातो, मी आलतो, मी इचारलोय.' कोल्हापुरात बायका तशाच बोलतात. पण मी बार्शीकडचा, मला सुरुवातीला वाटायचं की घरात अजून कुणीतरी पुरुष आहे. नव्हता. तिचे मालक वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल तिचं एकच वाक्य ठरलेलं: "मालक गेले, म्हस ऱ्हायली. दोघांत म्हशीचं वळण बरं हुतं."

राघूंशी तिचं उघड वैर. फुलं भरली की आकाशातून हिरवे थवे उतरायचे, आणि आक्का पितळी ताट आणि पळी घेऊन परड्यात उभी राहायची. "या, सरकारी जावयांनो! कष्ट माजं, भोजन तुमचं!" कॉलनीच्या अध्यक्षांनी एकदा आवाजाबद्दल तक्रार केली. आक्कानं त्यांच्या हातात ताट-पळी दिली आणि म्हणाली, "मग तुमी वाजवा हळू." ते बिचारे खरंच वाजवत बसले होते. नंतर तिनं त्यांना वाटीभर खरवस दिला, आणि शेणाच्या वासाची जी तक्रार ते खिशात घेऊन आले होते ती खिशातच राहिली.

देवांनाही तिनं त्या फुलांतलं एक कधी दिलं नाही. शेजारणीनं एकदा म्हटलं, "आक्का, एवढी फुलं, एखादं अंबाबाईला न्या की."

"देवीला काय दूध द्याचं हाय?"

मग मोबाइलवर फोटो काढणारे यायला लागले. सूर्यफुलं रस्त्यावरून दिसायची. पोरी गाड्या थांबवून आत शिरायच्या, गालाला फूल लावायच्या, तोंडाचा चंबू करायच्या. एकदा लग्न ठरलेलं एक जोडपं भाड्याचे कपडे घालून, सोबत फोटोवाला घेऊन आलं. नवरामुलगा अदबीनं म्हणाला, "आज्जी, जरा फोटो काढू का?"

"काढ की. पर आधी शेण काढ."

त्याला वाटलं म्हातारी थट्टा करते. आक्कानं फावडं पुढं केलं. होणाऱ्या बायकोसमोर नाही म्हणता येईना. त्यानं शेरवानीच्या बाह्या वर सारून अख्खा गोठा लोटला, आणि फोटोवाल्यानं त्याचेच फोटो काढले. पुढे कळलं की लग्नात मोठ्या पडद्यावर तेच सगळ्यांना आवडले. आक्का म्हणाली, "पोरीनं बघून घेतलं न्हवं, कामाचा हाय ते? आता सुखानं नांदंल."

हे सगळं मी हसत सांगतोय, पण एका गोष्टीत आक्का अजिबात हसायची नाही. ती म्हणजे दिवाळीचा पाडवा.

कोल्हापुरात पाडव्याला म्हशी पळवतात. बाहेरच्यांना हे खोटं वाटतं. म्हशीला भादरून तेलानं चकचकीत करतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं, घुंगरं, गोंडे, आणि मालक मोटारसायकलवर बसून सायलेन्सर काढलेल्या गाडीचा फटफटाट करत पुढं निघतो. म्हशीला दावं नाही, दोरी नाही. मालकाची हाक ऐकून तिनं गर्दीतून त्याच्यामागं धावायचं. बस्स, एवढीच परीक्षा. कुणाची म्हैस किती दूध देते हे डेअरीत कळतं. पण ती कुणाची आहे, हे पाडव्याला कळतं.

आक्काचे मालक म्हैस पळवायचे. ते गेले त्या वर्षी लोकांना वाटलं आता ह्या घरची म्हैस दाव्यालाच. आक्का डोक्याला फेटा बांधून, मालकांची जुनी मोपेड काढून रस्त्यावर उतरली. तेव्हापासून दर पाडव्याला ती आणि बाईसाहेब. त्या मोपेडचा वेग असा, की म्हशीला पळायला नव्हे तर मागं राहायला कष्ट पडायचे. तरी आक्का हाक द्यायची, "येऽऽ बाईसाहेब येऽऽ!" आणि ते काळं धूड घुंगरं वाजवत तिच्या पाठोपाठ. लोक शिट्ट्या मारायचे. वर्षभर तिला म्हातारी, खुळी, शेणवाली म्हणणारी कॉलनी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभी राहून "आमच्या आक्का!" म्हणायची. वर्षातला तो एक दिवस तिचा होता. बाकीचे सगळे तिनं भांडून मिळवलेले.

आता मी काय केलं ते.

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावरही पाऊस जाईना. फुलं झाडावरच कुजली. मुंडकी कापली तर आत काळी बुरशी. कमोडमधलंसुद्धा गेलं. उन्हाळी पेरणीचं पीक हातात यायला अजून कित्येक महिने होते. आक्कानं उरलेल्या बियांत भुसा वाढवला, मग नुसता भुसा, मग कडबा आणि उसाचं वाढं. बाईसाहेबांच्या बरगड्या दिसायला लागल्या. सकाळी धारेच्या वेळी गिऱ्हाइकं किटल्या घेऊन समोर बसायची, कारण आक्काच्या दारात दूध डोळ्यांदेखत काढून मिळायचं. एकेक किटली अर्धी परत जायला लागली.

"आक्का, पेंड घाला की थोडी," मी म्हणालो. मी हे म्हणालो, म्हणजे परिस्थिती किती वाईट होती बघा.

ती सगळ्या गिऱ्हाइकांकडे वळली. "बघा, पोतं बोललं! मढं दिसलं की गिधाडाला कंठ फुटतोय!"

सगळे हसले. मीही हसलो. आणि त्या दुपारी जेवायला खोलीवर आलो तेव्हा ती भाजीमंडईत पाला आणायला गेली होती. माझ्या खोलीत नमुन्याचं पोतं होतं. मी खिडकीतून ओंजळभर गोळ्या बाईसाहेबांपुढं धरल्या. तिनं एकदा हुंगलं, माझ्याकडे बघितलं, आणि खरखरीत जिभेनं माझा तळहात स्वच्छ केला.

मला म्हशीची दया आली म्हणून घातलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. दया होती, नाही असं नाही. पण तिच्याखाली दुसरं काहीतरी होतं. त्या बाईनं रोज सकाळी दहा माणसांत मला पोतं म्हणावं आणि मी हसावं, ह्याचा सूड उगवायला मला तोंड नव्हतं. खिडकी होती.

मग रोज दुपारी. ओंजळीची पाटी झाली. संक्रांत गेली तोवर बाईसाहेबांच्या अंगावर तुकतुकी आली, किटल्या भरायला लागल्या, दुधावर साय धरायला लागली. मी वाट बघत होतो की आक्का कोड्यात पडेल, विचारेल, आणि मग मी सांगेन. ती कोड्यात पडलीच नाही. तिला उत्तर आधीच माहीत होतं.

"सूर्यफुलाचं अंगात मुरलंय!" ती गिऱ्हाइकांना सांगायला लागली. "इतकी वर्सं खाल्लंय, ते आता उतारतंय. पोत्याचं काय, आज खाल्लं, उद्या शेणात!"

काय सांगणार? उन्हाळ्यात नवं पीक आलं तेव्हा तर तिचा शब्द म्हणजे वेद झाला. कोडोलीहून तिचे पाहुणे बी न्यायला आले. कॉलनीत कुंड्यांमध्ये सूर्यफुलं लागली. ज्यांच्याकडे म्हैस नव्हती त्यांनीसुद्धा लावली. अध्यक्षांनी गच्चीत लावली आणि बायकोला बिया खायला घातल्या. त्याचा काय परिणाम झाला हे विचारण्याची सोय नव्हती. थांबावं म्हटलं तर थांबता येईना. मी पाटी बंद केली की दूध उतरणार, आणि आक्का खोटी पडणार. तिला खोटं पाडायला सुरुवात केली होती, आणि आता तिचं खरं ठेवायला रोज दुपारी धावत येत होतो. शाहूपुरीत बसलो असताना जेवणाची वेळ झाली की मी उठायचो. "घरी कोण वाट बघतंय काय?" दुकानदार डोळा मारायचे. मी म्हणायचो, हो.

पाडवा आला.

"पोतं, तू व्हिडिओ काढायचा," आक्कानं हुकूम सोडला. "हिरवा फेटा हाय माजा. तोंड नीट येऊ दे. म्हशीचं बी."

मी रस्त्याच्या कडेला पहिल्या रांगेत मोबाइल धरून उभा. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. आक्काची मोपेड फाटफाट करत आली, मागं बाईसाहेब. शिंगं केशरी, कपाळावर आरसा, गळ्यात खऱ्या सूर्यफुलांची माळ. "येऽऽ बाईसाहेब येऽऽ!" लोक ओरडले. मोपेड माझ्यासमोरून गेली. बाईसाहेब माझ्यासमोर आल्या.

आणि थांबल्या.

तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. त्यात आधी हिरवा फेटा दिसतो, मग केशरी शिंगं, मग एक नाक मोठं मोठं होत जातं, आणि शेवटी पडद्यावर फक्त ओलं काळं नाक. तिनं माझा तळहात हुंगला. मग खिसा. मग दुसरा खिसा. घुंगरं वाजत होती. गर्दी जी हसली, तशी गर्दी हसलेली मी आयुष्यात ऐकली नाही.

आक्काला माहीत नव्हतं. ती तशीच पुढं चालली होती. मागचा गलका तिला कौतुकाचा वाटला असावा. तिनं एक हात वर केला, हवेत फिरवला आणि पुन्हा हाक दिली, "येऽऽ बाईसाहेब येऽऽ!" रिकाम्या रस्त्यावर एकटी म्हातारी, मागं काही नाही, आणि हात वर. तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पुढच्या चौकात कुणीतरी खूण केली तेव्हा तिनं मागं बघितलं.

ती गाडी वळवून आली. शेजारी एक मातबर म्हैसवाला उभा होता, मिशीला पीळ देत. तो म्हणाला, "आक्का, म्हस भाडेकरूवर भाळली की!"

आक्का माझ्याकडे बघत होती. माझ्या तळहाताकडे.

"म्हस हाय ती, बाईमाणूस न्हवं," ती म्हणाली. "जो घालतोय त्याच्या मागं जातीया."

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. खिडकी, ओंजळ, पाटी, दुपार. आयुष्यात एवढं सलग मी कधी बोललो नव्हतो. मला वाटलं शिव्या येतील. मी शिव्यांसाठी कान तयार ठेवले होते. आक्का उंबऱ्यावर बसून फेटा सोडत होती. तो सोडून झाला, घडी करून झाला, तरी ती बोलेना. शेवटी एवढंच म्हणाली, "लै दिस खाल्लं म्हण की तिनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान बांधत होतो, तर बाहेरून हाक. "पोतं! हिकडं ये." किटल्या घेऊन सगळी गिऱ्हाइकं बसलेली, आणि ती धारेला. "सांग ह्यास्नी काय घालत हुतास खिडकीतनं."

मी समोरच्या किटल्यांकडे बघायला लागलो. ती आचळ सोडून माझ्याकडे वळली. "लाजतोय. मी सांगतो. माज्याच परड्यातलं सूर्यफूल चोरून घालत हुतं मुडदं! म्हशीचा लाड करत हुतं गपचिप! व्हय का न्हाय रं?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "व्हय," मी म्हणालो. तो माझा कोल्हापुरीतला पहिला शब्द.

"बघा! पोतीवाला हाय, पर हाताला लागलं तर सूर्यफूलच!"

तर हा नामवंत तज्ज्ञ इथून जन्माला आला. सामान मी परत सोडलं. आक्कानं खिडकी बुजवली नाही, मला काही बोलली नाही. मी घालणं बंद केलं, पण तिनं परड्यात पेरणं बंद केलं नाही. दूध थोडं उतरलं. "पोतं चोरत न्हाय आता, म्हणून," ती गिऱ्हाइकांना सांगायची. पण ताट-पळी घेऊन परड्यात उभी राहायची तेव्हा तिचा आवाज पूर्वीसारखा चढायचा नाही. राघू खुशाल खायचे. एकदा मीच धावलो त्यांच्यामागं, तर ती म्हणाली, "खाऊ दे. कुणी तरी गोड मानून खायालंय न्हवं."

पुढचा पाडवा जवळ आला तसे मातबरांचे टोमणे सुरू झाले. औंदा म्हस कुणाच्या मागं? भाडेकरूला पुढं पळवा, आक्का! एका सकाळी ती माझ्या दारात आली. "औंदा तू गाडीवर बसायचा. माज्या मागं. उलटा."

"उलटा म्हणजे?"

"माज्या पाठीला पाठ लावून. म्हशीकडं तोंड. तुझ्या मागं येती न्हवं? येऊ दे. गाडी माजी, म्हस माजी, आणि पोतं बी माजं."

पाडव्याला तिनं स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला फेटा बांधला. इतका आवळून, की भुवया वर गेल्या. मग म्हणाली, "खिसं उलटं कर." मी केले. रिकामे होते. तिनं माझ्या हातात वाळलेलं सूर्यफुलाचं मुंडकं दिलं, कमोडमधलं. "हे धर. दुसरं काय न्हाय. सूर्यफुलाच्या मागं आली तर आली."

आणि आम्ही निघालो. अख्ख्या कोल्हापूरकडे पाठ करून, नव्हे तोंड करून, एक पोक्त वयाचा विक्री प्रतिनिधी परातीएवढं फूल छातीशी धरून मोपेडवर उलटा बसलेला. लोकांची हसून पुरेवाट. मला समोर फक्त बाईसाहेब दिसत होत्या, आणि पाठीला आक्काची पाठ लागली होती. ती थरथरत होती. गाडी जुनी होती, गाडीमुळे असेल.

"येऽऽ बाईसाहेब येऽऽ!"

बाईसाहेब आल्या. घुंगरं वाजवत, मान वर करून, थेट माझ्या तोंडासमोर धापा टाकत, सबंध रस्ता. कुठंही थांबल्या नाहीत. हसणारेच शिट्ट्या मारायला लागले. मिशीवाल्या मातबरानंही टाळी वाजवली. "आली काय रं?" आक्का पुढं बघत विचारायची. "आली," मी म्हणायचो. "आली काय?" "आली, आक्का." पुढच्या चौकात तिनं एक हात वर केला. ह्या खेपेला मागं म्हैस होती.

आता शेवटचं, जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

माझे खिसे रिकामे होते, पण फेटा रिकामा नव्हता. ती चपला घालायला आत गेली तेव्हा मी आमच्या कंपनीच्या गोळ्यांची एक प्लॅस्टिकची पुडी डाव्या कानाच्या वर, फेट्याच्या घडीत खोचली होती. सूर्यफुलावर माझा भरवसा नव्हता. आणि तो हात पुन्हा रिकाम्या रस्त्यावर वर गेलेला मला बघवला नसता.

घरी आलो, खोलीचं दार लावलं, आणि फेटा सोडायला लागलो. पुडी पडली. मी ती उचलली. फेटा अजून उरला होता, सोडत गेलो. अगदी आतल्या वेढ्यातून, टाळूपाशी, दुसरं काहीतरी खाली पडलं. लुगड्याच्या चिंधीत गाठ मारून बांधलेलं. गाठ सोडली. आत मूठभर गोळ्या. आमच्याच. त्यांच्यातल्या उसाच्या मळीचा तो वास मी झोपेतही ओळखतो.

फेटा तिनं बांधला होता.

ती चिंधी हातात घेऊन मी खाटेवर बसलो. चोरून पोतं घातलं, ह्याचं मला कधी फार वाटलं नाही, म्हैस जगली. पण डॉक्टरांना न जुमानणारी, देवीला एक फूल न देणारी ती बाई कधीतरी पदर सावरून कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर गेली असेल, आणि हळू आवाजात, तीसुद्धा हळू आवाजात, मूठभर गोळ्या मागून आणल्या असतील. ते माझ्यामुळे. सूर्यफुलावरचा तिचा विश्वास मी त्या खिडकीतून ओंजळी-ओंजळीनं म्हशीला चारला होता.

आक्का आता निपाणीकडे भाचीजवळ असते. कान गेलेत, तोंड शाबूत आहे. येईल त्याला सूर्यफुलाचं माहात्म्य सांगते. तो मेसेज तिच्याच भाचीच्या पोरानं लिहिलाय म्हणे. मी तो खोडून काढायला बसलो होतो. आता एवढं लिहून झाल्यावर वाटतं, ज्याला पोतं विकायचं आहे त्यानं खुशाल खोडावा.

त्या संध्याकाळी मी दोन्हीकडच्या गोळ्या एका ओंजळीत घेतल्या आणि खिडकीतून हात बाहेर काढला. बाईसाहेबांनी त्यांतलं तिचं कोणतं, माझं कोणतं, काही बघितलं नाही. एवढ्यात अंगणातून आक्काचा आवाज आला, पूर्वीसारखा, चार मजल्यांना ऐकू जाईल असा:

"ए पोतं! काय घालालायस रं तिला?"

"सूर्यफूल, आक्का."

मग म्हणाली, "व्हय. तेच घाल."